धुतलेलं मशीन

काँक्रीट कापायचं मशीन जुनं घ्यायचं असेल तर मळकं बघून घ्यावं, असं मी आता बेधडक सांगतो. लोक हसतात. पण ताजा रंग मारून चकाचक धुऊन ठेवलेलं कटर दिसलं, की माझा हात आधी इंजिनच्या खालच्या अंगाला जातो. तिथं ॲल्युमिनियमवर पांढरट डाग आणि बारीक खड्डे लागले तर समजायचं, मशीन ॲसिडनं धुतलंय. वाळून बसलेलं सिमेंट पाण्यानं निघत नाही. मग विकणारा फरशी साफ करायचं ॲसिड ओततो आणि तारेच्या ब्रशनं घासतो. सिमेंट जातं, पण ॲसिड ॲल्युमिनियमलाही सोडत नाही, आणि बेअरिंगच्या सीलमधून आत शिरलं तर थोड्याच दिवसांत खरखर सुरू होते. तोवर विकणारा फोन उचलायचा बंद झालेला असतो.

या धंद्यात मी पाण्याची नळी धरणारा हेल्पर म्हणून शिरलो. पुढं ऑपरेटर झालो, मग एक मशीन घेऊन स्वतःची कामं घ्यायला लागलो. कऱ्हाडपासून कोल्हापूरपर्यंतच्या पट्ट्यात एमआयडीसीतल्या शेडची फरशी, साखर कारखान्यांची आवारं, पेट्रोल पंप, गावातले काँक्रीटचे रस्ते अशी आमची कामं. माझ्याकडं आजवर आलेल्या मशीनांत कोरं करकरीत क्वचितच होतं. त्याचा कमीपणा वाटायचे दिवस होते, ते गेले. का गेले हे सांगायचं तर आधी हे मशीन करतं काय, ते सांगायला हवं. कारण बाहेरच्या माणसाला वाटतं, कटर लागतं ते रस्ता फोडायला.

आमचं निम्म्याहून जास्त काम नव्या, धडधाकट काँक्रीटवर असतं. काँक्रीट सुकताना आणि थंड होताना आकसतं. लांबच लांब ओतलेली पट्टी आकसली की कुठंतरी फाटणारच. ती जागा आपण आधी ठरवून द्यायची, म्हणून रस्त्यावर दर चार-साडेचार मीटरला आडवा काप घ्यायचा. खोली जाडीच्या पाव ते एक तृतीयांश, रुंदी तीन ते पाच मिलिमीटर. आठ इंची रस्ता असेल तर दोन-अडीच इंच. मग आतला तडा त्या कापाच्या बुडातूनच खाली जातो, वरून सरळ रेघ दिसते, आणि त्यात सीलंट भरलं की पाणी मुरत नाही. याला आम्ही जॉइंट मारणं म्हणतो.

सगळी अडचण वेळेची. घाई केली तर ब्लेड खडी उपटतं आणि कापाची कड कुरतडली जाते. उशीर केला तर काँक्रीट आपल्या मर्जीनं फाटतं. उन्हाळ्यात हा मधला काळ ओतल्यापासून सहा-आठ तासांतच येतो आणि बघता बघता निघून जातो. थंडीत रात्रभर थांबावं लागतं. खिळ्यानं ओरखडा काढून बघायचा, कड शाबूत राहिली की मशीन लावायचं. दिवसा ओतलेल्या काँक्रीटचा काप त्यामुळं बहुतेक रात्रीच येतो, आणि रात्री कुठलंही दुकान उघडं नसतं.

मी दुसऱ्याकडं ऑपरेटर होतो तेव्हाची गोष्ट. एका कारखान्याच्या शेडमध्ये ट्रिमिक्सची फरशी होती. ट्रिमिक्स म्हणजे ओतलेल्या काँक्रीटवर चटई टाकून पंपानं जादा पाणी ओढून घेतात, तसली. एप्रिल महिना. आमच्या मालकानं कर्ज काढून नवं मशीन घेतलेलं, अजून हँडलवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. मध्यरात्रीनंतर ब्लेड फिरायचं थांबलं, इंजिन मात्र चालूच. शाफ्टवर पुली धरून ठेवणारी बोटाच्या पेराएवढी चावी निसटली होती आणि जाताना खोबण फाडून गेली होती. कंपनीतून येतानाच तिथला स्क्रू ढिला राहिला असावा. मालकानं ओळखीच्या सगळ्या लोकांना उठवलं. कुणाचं मशीन पुण्यात, कुणाचं कामावर. आम्ही फरशीवर बसून राहिलो. सकाळी ऊन पत्र्यावर आलं आणि न कापलेल्या भागात पहिला तडा दिसला, केसासारखा, नागमोडी. दुपारपर्यंत तो खांबापासून खांबापर्यंत गेला होता. कारखान्यानं बिलातून किती पैसे कापले ते मालकानं आम्हाला सांगितलं नाही. पण पुढं बरेच महिने तो दोन मशीनांशिवाय कुठल्या साईटवर आला नाही, आणि त्यातलं दुसरं जुनं होतं.

माझा सगळा हिशेब त्या फरशीवर उभा आहे. या कामात मशीन स्वस्त की महाग हे त्याच्या किमतीवरून कळत नाही. बंद पडलेल्या एका रात्रीची किंमत त्यात धरावी लागते. एका नव्या मशीनच्या पैशात बरी चाललेली दोन जुनी येतात, वर ब्लेडला थोडे उरतात. दोन्ही एकाच जातीची घेतली तर पट्टा, फिल्टर, चावी, बेअरिंग सगळं एकमेकांना चालतं, आणि अगदीच वेळ आली तर एकाचं काढून दुसऱ्याला लावता येतं. तेरा हॉर्सपॉवरचं होंडाचं जीएक्स ३९० इंजिन आमच्या भागात मी त्याचसाठी पसंत करतो. त्याचे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात आणि ते उघडणारा मिस्त्री शोधावा लागत नाही. डिझेलवर चालणारी ग्रीव्ह्जची मशीनं टिकतात जास्त, पण पिक-अपमध्ये चढवताना चार माणसं लागतात. आमची टोळी तेवढी मोठी नाही.

जुनी मशीनं येतात कुठून, हेही बघावं. मोठा प्रकल्प संपला, की ठेकेदाराचा कॅम्प उठतो आणि बारीकसारीक यंत्रं एकगठ्ठा विकली जातात. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्या कामावर तयार झालेले ऑपरेटर पुढं कितीतरी वर्षं आमच्या धंद्यात भेटत राहिले. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पुढचे टप्पे नंतर. तोही काँक्रीटचाच रस्ता. असल्या कॅम्पातल्या मशीनला मालक नसतो, पाळ्या असतात. तीन पाळ्यांत तीन माणसं, तेलाची जबाबदारी कुणाचीच नाही. पण तिथं कधी कधी वर्कशॉपची नोंदवही मिळते. नोंदवही दाखवणारा विकणारा भेटला तर मी घासाघीस कमी करतो. भाड्यानं देणाऱ्याचं मशीन मी शक्यतो घेत नाही. भाड्यानं नेणारा माणूस संध्याकाळपर्यंत पैसे वसूल करायच्या मागं असतो, आणि त्याच्या हातात ब्लेड नेहमी घाईनं खाली उतरतं. सगळ्यात चांगली मशीनं मला फरशीवाल्या छोट्या ठेकेदारांकडून मिळाली. मुलगा शिकून दुसरीकडं गेला, वडिलांची कंबर गेली, मशीन शेडमध्ये पडून. असली मशीनं जाहिरातीत येत नाहीत. ब्लेड विकणाऱ्या दुकानदाराला मात्र ती माहीत असतात, कारण कुणी ब्लेड घ्यायचं थांबवलं हे पहिल्यांदा त्यालाच कळतं.

सुरुवातीला मी इंजिनच्या आवाजावर जायचो. मशीन चालू केलं, धूर बघितला, निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त, एवढ्यावर भाव ठरायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं ती सवय मोडली. ऑइल इंजिनांत आयुष्य गेलेला माणूस. मी एक मशीन त्याच्याकडं तपासायला नेलं आणि दोरी ओढायला गेलो, तर त्यानं हात धरला.

“पाव्हणं, इंजिन मागनं बघू. आधी नटाची डोकी बघा की.”

बघितली. हेडच्या दोन नटांचे कोपरे गोल झाले होते, एकाचा रंग वेगळा होता.

“हे दोनदा तरी उघडलंय,” तो म्हणाला. “आणि उघडणाऱ्याकडं बरोबर पाना नव्हता. पान्याची ही गत, तर आत त्यानं काय केलं असंल?”

त्यानं मशीन चालू न करताच भाव सांगितला. त्यानंतर मी कुठलंही मशीन बघायला गेलो की पहिली काही मिनिटं ते बंदच ठेवतो. इंजिनला हात लावून बघतो. मी यायच्या आधीच ते गरम असेल, तर थंड इंजिन चालू व्हायला कुरकुरतं हे लपवायचंय असं धरून चालतो, आणि चहा प्यायला बसतो. चहाला अर्धा-पाऊण तास सहज लावता येतो.

ज्याला खरंच घ्यायचंय त्यानं इंजिनपेक्षा ब्लेडच्या शाफ्टवर वेळ घालवावा. इंजिन दुसरं बसवता येतं. शाफ्ट वाकला असेल आणि त्याच्या घराचं भोक मोठं झालं असेल तर ते मशीन भंगारच. पट्टे काढायचे, शाफ्ट हातानं फिरवायचा आणि कान द्यायचा. मऊ फिरला पाहिजे. दाणे अडकल्याचा आवाज आला तर बेअरिंगमध्ये सिमेंटचं पाणी गेलंय. मग ब्लेड बसवून कडेजवळ एक तार धरायची आणि ब्लेड हळू फिरवायचं. तारेपासूनचं अंतर कमी-जास्त होत असेल तर ब्लेड तरी वाकडं किंवा शाफ्ट तरी. दुसरं ब्लेड लावून बघितलं की दोषी कोण ते कळतं. पट्टे काढलेलेच आहेत तर तेही बघून घ्यावेत. एक नवा आणि बाकीचे जुने असतील तर ओढ सगळी नव्यावर पडते. पट्टे बदलायचे तर सगळे एकदम, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं मशीनचं दुसरं काय केलं असेल याचा अंदाज येतो.

मग रंगाची दोरी मारायची आणि ब्लेड वर ठेवून मशीन त्या रेघेवरून ढकलत न्यायचं. सोडल्यावर ते एका अंगाला जात असेल तर मागचा आस वाकलाय. काँक्रीटमध्ये ऑपरेटर ते जोर लावून सरळ ठेवतो आणि ब्लेड कापात अडकून तापतं. पाती उडतात ती असल्या मशीनची.

एकानं मला कौतुकानं सांगितलं होतं, “शेठ, आमचं मशीन रॉकेट आहे.” त्यानं शाफ्टची पुली बदलून लहान बसवली होती. मी तिथंच टेप लावला. इंजिन ३६०० फेऱ्यांचं, त्याची पुली पाच इंची, शाफ्टची चार इंची, म्हणजे ब्लेड मिनिटाला ४५०० फेरे घेणार. लावलेलं ब्लेड अठरा इंची. जमिनीवरच्या मशीनच्या ब्लेडची कड सेकंदाला ८० मीटरच्या वर पळवायची नसते, आणि अठरा इंचीला ती मर्यादा ३४०० फेऱ्यांच्या आसपासच येते. चौदा इंचीला ४३०० च्या थोडी वर. हे आकडे ब्लेडवरच छापलेले असतात. मी त्याला ते दाखवले. तो म्हणाला, आजवर काही झालं नाही. त्याच्या ब्लेडचं गार्डही काढून ठेवलेलं होतं, काप जरा खोल जातो म्हणून. मी तिथून चहा न घेता निघालो.

गार्ड नसलेलं मशीन मी घेत नाही, कितीही स्वस्त असो. नवं गार्ड बसवता येतं, ते खरं. पण गार्डशिवाय ते चालवणाऱ्यानं बाकीचं काय काय गाळलं असेल, ते शोधत बसायला माझ्याकडं वेळ नसतो.

माणूस ओळखायचं म्हटलं की मला एक विटकं मशीन आठवतं. फरशीवाल्या ठेकेदाराकडं बघायला गेलो होतो. हँडल वाकलेलं, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, रंग गेलेला, पाण्याच्या टाकीला वेल्डिंगचं ठिगळ. मालक स्वतःच म्हणाला, “भंगारात घालणार होतो, बघा तुम्हाला लागलं तर.” त्याचा ऑपरेटर विजापूरकडचा, वयानं मोठा, बाजूला बसून तंबाखू मळत होता. मी म्हटलं, “मामा, किती वर्षं चालवताय?” तो उठला, मला मशीनच्या मागं घेऊन गेला आणि काही न बोलता ग्रीसची निपल दाखवली. मशीनवर सगळीकडं सिमेंट, तेवढी निपल पुसलेली. दोरीवर एक फिल्टर धुऊन वाळत घातलेला, दुसरा मशीनला लावलेला. त्यानं फिल्टर काढला आणि मला आत बोट फिरवायला सांगितलं. बोटाला धूळ लागली नाही.

“मालक दमले,” तो म्हणाला. “मशीन नाही दमलं.”

ते मशीन अजून माझ्याकडं आहे, आणि कठीण रात्री पोरं आधी तेच मागतात. तेव्हापासून मी भाव बोलायच्या आधी ऑपरेटरला भेटायला मागतो. मालकानं टाळाटाळ केली तर ते उत्तरच झालं. ऑपरेटर सहसा खोटं बोलत नाही. मशीन विकलं गेलं तर त्याला त्यातून काही मिळायचं नसतं, आणि मशीनवर राग असेल तर तो सांगायला त्याला कुणीतरी हवंच असतं.

फिल्टरच्या आतली धूळ हा सगळ्यात खरा पुरावा. हातात धरायच्या कटरला तर तोच एक. टू-स्ट्रोकची ही मशीनं, स्टील कंपनीची टीएस ४२० किंवा हुस्क्वार्नाची के ७७०, वजनाला ब्लेडशिवाय दहा किलोच्या आसपास, चौदा इंची ब्लेड लावून फिरतात. कापताना ती स्वतःच उडवलेल्या धुळीतून श्वास घेतात. फिल्टरमागं पिठासारखी करडी पूड दिसली म्हणजे ती इंजिनातही गेलीय, आणि सिलिंडरला ती पॉलिश पेपरसारखी घासते. अशा मशीनचा सायलेन्सर दोन-तीन स्क्रू काढून उतरवायचा आणि टॉर्च मारून भोकातून पिस्टन बघायचा. गुळगुळीत असेल तर पुढं बोलायचं. उभे ओरखडे असतील तर एकतर धूळ गेलीय किंवा कुणीतरी ऑइल न मिसळता पेट्रोल घातलंय. लिटरला वीस मिलिलिटर ऑइल, एवढंच तर प्रमाण. तरी विसरतात. सायलेन्सर उतरवू न देणाऱ्याकडून हातातलं कटर घेऊ नये.

या मशीनांच्या नकलाही भरपूर. रंग तोच, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं, कधी तेवढंही नाही. मला त्याहून अवघड वाटतो तो अर्धा नकली माल. वरचं कव्हर आणि नंबर अस्सल, आतलं सिलिंडर नकलेचं. बाहेरून कळत नाही. अस्सल सिलिंडरच्या ओतकामावर कंपनीची खूण असते, ती सायलेन्सर काढलेला असतानाच शोधून घ्यावी.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथं मी हौसेनं जातो. पाने, पोगर, टॉर्क रेंच अशी छोटी हत्यारं तिथून घेतलीत. एका रविवारी चादरीवर हातातलं कटर मांडलेलं दिसलं. फिल्टर स्वच्छ, पिस्टन आरसा, पट्टा कंपनीचा. भाव इतका कमी, की मी दोनदा विचारला. बिल मागितलं तर माणूस म्हणाला, “बिल कशाला लागतंय दादा, चालवायचंय का फ्रेम करायचंय?” अशी चांगली मशीनं बिलाशिवाय स्वस्तात येतात ती कुठल्यातरी साईटवरून रात्रीची उचललेली. चोरीचा माल माहीत असून घेणारा हाही गुन्हेगारच, पूर्वीचं ४११ कलम आता न्याय संहितेत ३१७ झालंय, एवढाच काय तो बदल. पण मला त्या क्षणी कलम आठवलं नाही. आठवला तो आमच्याच टोळीतला पोरगा. साईटवरून कटर गेलं तेव्हा पगारातून पैसे कापतील म्हणून तो रात्रभर झोपला नव्हता. मी ते कटर होतं तसं चादरीवर ठेवलं.

ब्लेडचं सांगायलाच हवं, कारण जुनं मशीन विकणारा हमखास म्हणतो, “वर दोन ब्लेडं फुकट देतो.” फुकट ब्लेडाला मी किंमत शून्य धरतो. नव्या ब्लेडच्या सेगमेंटची, म्हणजे कडेवरच्या कापणाऱ्या तुकड्यांची, उंची साधारण दहा मिलिमीटर असते. फुकट मिळणाऱ्याची तीन-चार उरलेली. शिवाय आपल्याकडची खडी म्हणजे काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या दगडाला ब्लेड उलट्या न्यायानं निवडावं लागतं: दगड कडक तर सेगमेंटचा धातू मऊ. हिरे त्या धातूत रुतलेले असतात. बोथट हिरे गळून पडले आणि धातू झिजला, तरच आतले ताजे हिरे वर येतात, पेन्सिल तासल्यावर शिसं वर यावं तसं. कडक धातूचं ब्लेड काळ्या खडीवर लावलं की हिरे बोथट होऊन बसतात, धातू झिजत नाही, कड काचेसारखी चकचकते आणि ब्लेड नुसतं घासून ठिणग्या टाकतं. ओल्या, नुकत्या घट्ट झालेल्या काँक्रीटला मात्र नेमकं कडक धातूचं ब्लेड लागतं, कारण तिथली सुटी वाळूच सेगमेंट खाऊन टाकते. एका ब्लेडात दोन्ही कामं करणारे ऑपरेटर महिन्याला किती ब्लेडं घालवतात ते त्यांच्या मालकाला विचारावं. चकचकलेलं ब्लेड लगेच फेकू नये. वाळू-सिमेंटच्या ठिसूळ ठोकळ्यात चार काप घेतले की बऱ्याचदा धार परत येते. पण सेगमेंटच्या बुडाशी लोखंड झिजून पातळ झालं असेल, किंवा दोन सेगमेंटमधल्या खाचेतून बारीक तडा निघाला असेल, तर ते भिंतीलाही टांगू नये. कुणीतरी लावतंच.

पाण्याची व्यवस्था तुटलेली मशीनं बाजारात सर्रास असतात. टाकी फुटलेली, नळीला गाठ मारलेली, ब्लेडवर पाणी सोडणाऱ्या दोन नळ्यांतली एक बंद. विकणारा म्हणतो, आम्ही ड्राय मारतो. मी ज्याच्या हाताखाली नळी धरायला शिकलो, तो ऑपरेटर उमेदीची सगळी वर्षं कोरडंच कापत आला होता. तोंडाला गमछा बांधला की झालं. पुढं त्याला खोकला लागला, गावच्या डॉक्टरनं क्षयाची औषधं दिली, ती पूर्ण झाली तरी धाप गेली नाही. शेवटी मोठ्या दवाखान्यात फोटो बघून सिलिकोसिस निघाला. १९४८ च्या कारखाना कायद्यात हा आजार सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत होता. पण रस्त्यावरचा आमचा ऑपरेटर कुठल्या कारखान्यात मोडत होता? नदीची वाळू घातलेल्या जुन्या काँक्रीटमध्ये क्वार्ट्झ भरपूर, आणि त्याची सगळ्यात बारीक धूळ डोळ्यांना दिसतही नाही. गमछ्यातून ती सहज जाते. माझ्याकडं आलेल्या प्रत्येक मशीनवर पहिला खर्च पाण्याचा होतो, मग बाकीचा.

यात एक विचित्र प्रसंग आला तो जलजीवन मिशनच्या कामात. १५ ऑगस्ट २०१९ ला ही योजना जाहीर झाली, घरटी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी. आमच्या भागातल्या गावांत तोवर गल्लोगल्ली काँक्रीट झालं होतं. आमदार फंड, वित्त आयोगाचा निधी, जमेल तसं. आता त्याच काँक्रीटखालून पाइप न्यायचा होता. बहुतेक ठेकेदारांनी सरळ ब्रेकर लावून रस्ते फोडले. कड वेडीवाकडी तुटली आणि नंतर भरलेलं काँक्रीट दुसऱ्या पावसाळ्यात उखडलं. काही सरपंच मात्र अडून बसले की दोन्ही बाजूंनी आधी सरळ काप मारा, मग मधलं फोडा. तशी कामं मला मिळाली. एका गावात मशीन लावलं आणि लक्षात आलं, कापायला पाणीच नाही. गावाला टँकर येत होता. ब्लेडला मिनिटाला काही लिटर लागतात आणि हंडे घेऊन उभ्या बायकांसमोर ते रस्त्यावर सोडायचं कसं? एक आजी तर स्पष्टच म्हणाल्या, “नळ आणायला आलाय का पाणी न्यायला?” ठेकेदार म्हणाला, कोरडं मार, दोन तासांचं काम आहे. मी पिक-अप परत पाठवून कारखान्याच्या शेततळ्यातलं गढूळ पाणी आणवलं, त्यात अर्धा दिवस गेला. नोझल तुंबली ती वेगळीच. पण गल्लीतल्या एका घरात पाळणा होता, आणि दाराला पडदासुद्धा नव्हता.

त्या काळात नव्या पोरांनी जुनी कटरं धडाधड घेतली. काम होतं, बिलं निघत होती. आता बिलं रखडली म्हणून त्यातलीच बरीच मशीनं परत विकायला निघालीत, आणि मला आठवड्याला एखादा तरी फोन येतो: काका, एक मशीन बघायला येता का? मी जातो. पण कुणाच्या वतीनं भाव करत नाही. काय दिसतंय ते सांगतो आणि बाजूला उभा राहतो. पोरांना इंजिनची पॉवर विचारायची असते, मी त्यांना फिल्टर काढायला लावतो. काही ऐकतात. एकानं ताज्या रंगाचं मशीन माझ्यादेखत घेतलं आणि ते आजही बिनतक्रार चाललंय, हेही सांगून टाकतो. रंग मारणारा प्रत्येक जण लबाड नसतो. माझा नियम मला बरेचदा वाचवतो, एवढंच मी म्हणेन.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मी स्वतःचं एक मशीन विकलं. जातीनं वेगळं होतं, त्याचे भाग बाकीच्यांना चालत नव्हते. घ्यायला तासगावकडचा एक पोरगा आला, सोबत त्याचा मावसभाऊ. मशीन मी धुतलं नव्हतं. थंड इंजिन त्याच्या हातानं चालू करायला दिलं. मागचं एक चाक नवं आहे, उंचीच्या स्क्रूला चाळा आहे, डावं बेअरिंग पुढच्या हंगामात बदलावं लागेल, पुली मूळचीच आहे, बिल हे घ्या, असं सगळं सांगितलं. माझ्या ऑपरेटरलाही बोलावून घेतलं. त्यानं माझ्या नकळत आणखी एक गोष्ट सांगितली: पेट्रोलची टाकी पूर्ण भरली की झाकणातून झिरपतं.

पोरगा नीट ऐकत होता. मग त्यानं मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला आणि चाक, स्क्रू, बेअरिंग, झाकण अशा एकेका गोष्टीचे पैसे माझ्या भावातून वजा करत गेला. मावसभाऊ हसायला लागला. मी म्हटलं, “चाक तर नवं आहे म्हणून सांगितलं, त्याचे कसले कापतोस?” तो म्हणाला, “दुसरं जुनं आहे ना काका. बदलायची तर दोन्ही एकदम.”

चाकाचे पैसे सोडून बाकीच्यावर सौदा झाला.